भगव्या रिबिनीचे घड

एप्रिलमधल्या त्या गुरुवारी शालिग्राम नेहेते नेहमीप्रमाणे पावणेपाचला उठले. उकाडा सुरू झाल्यापासून ते ओट्यावर खाट टाकून झोपत. त्यांनी अंथरुणाची घडी केली, हौदावर तोंड धुतलं आणि इंदिराबाईंनी पुढे ठेवलेला चहा उभ्यानंच घेतला. पाचला कृषिपंपाची वीज आली तेव्हा ते बागेच्या विहिरीवर होते. ठिबकची गाळणी उघडून तिच्यातला गाळ त्यांनी बोटानं काढला, पहिल्या चार ओळींच्या नळ्या चाचपून पाणी येतंय ना ते पाहिलं, मग कडेच्या शेवरीच्या कुंपणालगत बागेची एक फेरी मारली. अडुसष्टाव्या वर्षीही ही फेरी त्यांनी कुणावर सोपवली नव्हती. उत्तरेला सातपुड्याची रांग अजून धूसर होती. रावेरकडे जाणारा एक ट्रॅक्टर रस्त्यानं धडधडत गेला, आणि त्याच्यामागून, साडेसहाच्या सुमारास, रुबाब तडवीच्या टोळीची पिकअप आली.

रुबाब बावीस वर्षांपासून त्यांच्या बागेची केळी कापत होता. त्याच्या आधी त्याचा बाप कापत असे. तडव्यांच्या त्या वस्तीतली चौदा माणसं त्याच्या हाताखाली होती. गाडीतून उतरल्यावर तो प्रथम बांधावरच्या निंबाखाली मुंजोबाच्या दगडापाशी गेला, चप्पल काढून उभा राहिला आणि मग कोयता हातात घेतला. तो रोजे धरत असे आणि मुंजोबालाही नमस्कार करत असे. त्याच्या वस्तीत या दोन गोष्टींचा कुणाला कधी अडथळा वाटला नव्हता.

निर्यातीची केळी कापण्याची रीत वेगळी असते. एकानं दांडा कापायचा, दुसऱ्यानं फोमची गादी ठेवलेल्या खांद्यावर घड झेलायचा, आणि ट्रॉलीत लागेपर्यंत तो जमिनीला टेकू द्यायचा नाही. कोणता घड कापायचा हे मात्र कापणाऱ्यानं ठरवायचं नाही, ते रिबीन ठरवते. ज्या आठवड्यात केळ निसवते, म्हणजे घड बाहेर पडतो, त्या आठवड्याच्या रंगाची रिबीन त्याला बांधायची. पुढे त्या रंगाचे दिवस भरले की तेवढेच घड उतरवायचे. त्यामुळे पेटीतला सगळा माल एका वयाचा राहतो आणि समुद्रावरचे दिवस हिरवा राहून काढतो. रावेरचे निर्यातदार प्रेमराजशेठ यांनी आपल्या पॅकहाऊसला माल देणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात रंगांचा तक्ता लावला होता. त्या गुरुवारी भगव्या रिबिनीची पाळी होती.

तिसऱ्या ओळीत शिरल्यावर रुबाब थांबला.

"नाना, आज किती घड म्हणता?"

"शेठचा माणूस सहाशे म्हणत होता."

"मले तं हजाराच्या वर दिसतात. भर थंडीत एका आठवड्यात एवढी निसवण झाली?"

"झाली असंन."

रुबाबनं एक घड खालून हातात धरला आणि मधल्या फणीच्या एका केळावरून अंगठा फिरवला. "याच्या कडा गेल्या, नाना. गोल झालं हे. त्या बाजूचा घड बरोबर आहे, हा भरेल आहे. दोघाइले रिबीन एकच. असा भरेल माल दिल्लीपर्यंत जाईन. पाण्यापलीकडं नही जायाचा, वाटेतच पिकंन."

शालिग्रामांनी पाहिलं. त्यांनाही दिसलं. चाळीस वर्षं केळीत घालवलेल्या माणसाला ते न दिसणं शक्य नव्हतं. पण पॅकहाऊसवर कंटेनर रात्रीपासून थंड करून उभा होता. तिकडे इराणच्या समुद्रात पुन्हा क्षेपणास्त्रं उडू लागली होती, आणि पुढचं जहाज लागेल की नाही सांगता येत नाही, असा दुबईहून प्रेमराजशेठना निरोप होता. गेल्या वर्षी रुबाबनं डोळ्यांनी पाहून काही घड झाडावर सोडले, तेव्हा शेठच्या सुपरवायझरनं सगळ्यांदेखत सुनावलं होतं की कापणाऱ्यानं डोळे घरी ठेवून यायचं.

"रिबीन भगवीच आहे ना?" शालिग्रामांनी विचारलं.

"भगवीच आहे."

"मंग काप."

रुबाबनं हातातला घड सोडला. "तुम्ही म्हणता म्हणून कापतो," तो म्हणाला आणि त्यानं पुढच्या माणसाला खूण केली.

शालिग्रामांना डिसेंबरची गोष्ट तेव्हाच आठवायला हवी होती. खरं तर ती आठवलीच होती, पण त्यांनी तिला पुढे येऊ दिलं नाही. डिसेंबरात हिरव्या रिबिनीचा आठवडा आला, तेव्हा त्यांच्या मुलानं, तेजसनं, तो रंग बागेत लावायला नकार दिला होता. तेजस सव्वीस वर्षांचा होता, बी.कॉम. झालेला. गावातल्या मंडळाचा तो खजिनदार होता. त्या मंडळानं त्या हिवाळ्यात अमुक लोकांकडून माल घ्यायचा नाही, तमुक लोकांना बागेत घ्यायचं नाही, असं बरंच काही ठरवलं होतं. "आपल्या बागेत हजार हिरवे झेंडे कशाला?" तो म्हणाला होता आणि मंडळाच्या मिरवणुकीतून उरलेली भगव्या रिबिनीची गुंडाळी त्यानं त्या आठवड्याच्या घडांना वापरली होती. शालिग्राम तेव्हा हसले होते. रंग तो रंग, असं त्यांना वाटलं होतं. तीन आठवड्यांनी तक्त्यावर भगवा रंग आला तेव्हा नव्या घडांनाही भगवीच रिबीन बांधली गेली. मार्चअखेर हिरव्याची कापणी लागली, आणि रुबाबनं बागेत एकही हिरवी रिबीन नाही म्हणून विचारलं, तेव्हा तेजसनं सांगितलं, "थंडीत निसवलंच नाही." शालिग्राम शेजारी उभे होते. ते काही बोलले नव्हते.

अशा रीतीनं एकवीस दिवस जुने घड नव्या घडांबरोबर एकाच ट्रॉलीत गेले. पॅकहाऊसवर प्रत्येक घडाची जाडी मोजायची असते. त्या दिवशी दोन कंटेनर भरायचे होते, म्हणून केळावर डाग आहे का एवढंच पाहिलं गेलं. संध्याकाळी कंटेनर न्हावा-शेव्याकडे निघाला.

जहाज इराणच्या बंदर अब्बासला आठव्या दिवशी लागायचं होतं. ते होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या अलीकडे अकरा दिवस नांगर टाकून उभं राहिलं आणि मग माल दुबईला उतरवला. त्या अकरा दिवसांत गावातली मंडळाची पोरं पारावर बसून मोबाइलवर युद्ध पाहत होती. एखादी इमारत कोसळली की सामन्यात गडी बाद व्हावा तशी टाळी देत होती. त्यांतल्या निम्म्यांच्या बापांची केळी त्याच पाण्यात उभी होती.

दुबईहून फोटो आले. पेट्या उघडलेल्या होत्या आणि केळी पिवळी, काही काळी पडलेली. एक पेटी पिकली की तिची हवा बाकीच्यांना लागते, त्यामुळे अख्खा कंटेनर गेला होता. त्याच जहाजावर रावेर तालुक्यातले आणखी चार कंटेनर होते. ते चारही हिरवे उतरले.

प्रेमराजशेठनी नेहेते बापलेकांना पॅकहाऊसवर बोलावलं. शेठ पन्नाशीचे, हसतमुख आणि हिशोबी. त्यांच्या टेबलामागे लक्ष्मीची तसबीर होती आणि तिच्याच शेजारी हिजरी महिन्यांचं कॅलेंडर होतं, कारण रमजानात केळीची मागणी दुप्पट होते. दुबईच्या व्यापाऱ्याला, मूळच्या बंदर अब्बासच्या एका वृद्ध इराणी गृहस्थाला, ते आगासाहेब म्हणत आणि नवरोजला न चुकता शुभेच्छा पाठवत. गावातल्या मंडळाच्या मिरवणुकीच्या फलकावर सर्वांत मोठा फोटोही त्यांचाच असे.

"आगासाहेबांनी काय लिहिलंय ऐका," शेठ म्हणाले. "युद्धाबद्दल मी तुम्हाला विचारत नाही, कारण बाकीचे चार कंटेनरही त्याच युद्धातून आले. तुम्ही आता काय बदललं तेवढं सांगा. नाहीतर पुढचा माल पाठवू नका." त्यांनी मोबाइल उलटा ठेवला. "म्हणजे काहीतरी बदललेलं दाखवावं लागेल."

"टोळी बदला," तेजस म्हणाला. "रुबाबनंच केलंय हे. मुद्दाम."

"मुद्दाम?" शेठ हसले. "अरे, खाणारे त्याच्याच धर्माचे होते. आरोप करताना जरा जुळवून तरी करावा."

तेजसचा चेहरा उतरला. शेठनी खणातून एक टाइप केलेला कागद काढून शालिग्रामांपुढे सरकवला. "पण टोळी बदलायची हे बरोबर आहे. गावालाही तेच हवंय, माझ्याही कानावर रोज येतं. नाना, सातबारा तुमच्या नावावर, निर्यातीची नोंदणीही तुमच्या नावावर. सही तुमचीच लागेल."

कागदावर लिहिलं होतं की मुकादम रुबाब तडवी यास मालाची पक्वता ओळखता आली नाही आणि त्यानं शेतकऱ्याच्या सूचनेविरुद्ध कापणी केली, सबब त्याची टोळी यादीतून कमी करण्यास हरकत नाही. प्रेमराजशेठच्या यादीतून जी टोळी जाते तिला तालुक्यातलं दुसरं कुठलंही पॅकहाऊस घेत नाही, हे तिघांनाही माहीत होतं.

"आणि खरं काय झालं ते लिहिलं तर?" शालिग्रामांनी विचारलं.

"तर तुमची नोंदणी दोन हंगामांसाठी जाईल. माल दिल्लीच्या ट्रकला घाला, निम्म्या भावानं. आणि जाडी का मोजली नाही म्हणून मलाही उत्तर द्यावं लागेल, हे मी लपवत नाही."

"वाचून सांगतो," शालिग्राम म्हणाले आणि कागदाची घडी सदऱ्याच्या खिशात ठेवली.

घरी इंदिराबाईंनी विचारलं तेव्हा त्यांनी त्यात काय आहे ते सांगितलं.

"मंग सही काबरं करता?"

"केली कुठी?"

"फाडलाबी नही ना," इंदिराबाई म्हणाल्या आणि भाकरी उलटली.

तेजस दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यानं स्वतःच विषय काढला. "नाना, एका रंगानं एवढं होईल असं कुणाला वाटलं होतं? मी काय नुकसान करायला केलं?"

"नही. पण केलं तू."

"रुबाबच्या टोळीवाचून आपल्या बागेचं काय अडलंय? दुसरी टोळी मिळेल."

"हिरवा रंग त्यानं नही आणला तेजस. शेठच्या तक्त्यावर होता. आपलं केळंबी हिरवंच असतं, तेवढंच पाह्यचं होतं."

"तुम्हाला बोलायला सोपं आहे." तेजसचा आवाज खाली आला. "डिंपलचे तिन्ही भाऊ याच धंद्यात आहेत. खजिनदाराच्या रिबिनीपायी कंटेनर गेला, असं सगळ्या तालुक्यात होईल. मी कुठं तोंड दाखवू?"

स्वयंपाकघराच्या दारात त्याची बायको डिंपल उभी होती. ती आत गेली. शालिग्रामांनी ताटातलं संपवलं. मुलगा खोटं बोलत नव्हता आणि हेच अवघड होतं. तो खरोखर घाबरलेला होता. लहानपणी मास्तरांच्या भीतीनं तो ज्या कोपऱ्यात जाऊन बसायचा, तिथंच तो आता जेवणानंतर मोबाइल घेऊन बसला.

चौथ्या दिवशी रुबाब बागेत आला. पिकअप नव्हती. दहा किलोमीटर मोटारसायकल चालवत एकटाच आला आणि विहिरीच्या कठड्यावर बसला. शालिग्रामांनी तांब्या पुढे केला. तो पाणी प्याला.

"फोटो आले तव्हापासून आठ दिवस झाले, टोळी घरी बसेल आहे," तो म्हणाला. "शेठच्या माणसानं सांगतलं, नानाची सही आली की पक्कं होईन. मी म्हटलं, मंग नानालेच भेटतो."

"सही केली नही मी."

"करा. पोरगं तुमचं आहे. मीबी माह्या पोरासाठी केली असती." तो खोटी सहानुभूती दाखवत नव्हता. सरळच बोलत होता. "फक्त त्यात एक बदला. मले माल कळला नही असं लिहू नका. दारू पिऊन कापला असं लिहा. पैशे खाल्ले असं लिहा. बदमाश मुकादमाले कुठी ना कुठी काम भेटतं, नाना. ज्याले भरेल घड ओळखू येत नही त्याले कोण बोलावंन?"

शालिग्रामांनी रिकामा तांब्या उचलून बाजूला ठेवला.

"मी तुम्हाले सांगेल होतं," रुबाब म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "तिसऱ्या ओळीत. आठवतं ना?"

"आठवतं."

"बस. तुम्हाले आठवतं का, तेवढंच पाह्यचं होतं." तो उठला, जाता जाता एका झाडाचं वाळकं पान सवयीनं ओढून काढलं, बांधावर टाकलं आणि गाडीला किक मारली.

त्यानंतरही शालिग्रामांनी चार दिवस काढले. या चार दिवसांचं समर्थन त्यांना पुढे कधी करता आलं नाही. ते रोज पहाटे गाळणी साफ करत होते, फेरी मारत होते, आणि तो कागद एका सदऱ्यातून दुसऱ्या सदऱ्यात जात होता. आपण विचार करतोय असं ते स्वतःला सांगत होते. खरं तर विचार करण्यासारखं काही उरलं नव्हतं. घडलं काय हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कदाचित शेठ दुसरा काही मार्ग काढतील, कदाचित आगासाहेब विसरतील, असल्या आशेवर ते थांबले होते, आणि त्या थांबण्याचं भाडं चौदा घरं भरत होती.

नवव्या दिवशी सकाळी त्यांनी दोन फुलस्केप कागद घेतले. मराठी शाळेत सातवीपर्यंत गिरवलेल्या वळणदार अक्षरात त्यांनी लिहिलं. डिसेंबरात आमच्या बागेत हिरव्या रिबिनीऐवजी भगवी लावली गेली. मार्चअखेर ते घड उतरवायचे राहिले. कापणीच्या दिवशी मुकादम रुबाब तडवी यांनी माल भरलेला असल्याचं ओळखून मला स्पष्ट सांगितलं. कापण्याचा हुकूम माझा होता. तेजसचं नाव त्यांनी घातलं नाही. बाग त्यांची होती आणि डिसेंबरात ते हसलेही होते. दुसऱ्या कागदावर त्यांनी तेच पुन्हा लिहिलं, कारण नक्कल हवी होती.

प्रेमराजशेठनी कागद सावकाश वाचला. मग घडी घालून परत केला.

"नाना, हे आता कोणासाठी?"

"रुबाबसाठी."

"रुबाब गेला. भरूचच्या बाजूला. तिकडेही केळी आहे. मंगळवारी बायकापोरांसकट गेली सगळी टोळी." शेठच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती, थोडा कंटाळा होता. "बऱ्हाणपूरकडची नवी टोळी मी ठरवली, आगासाहेबांना कळवलं, त्यांनी पुढच्या मालाला होकार दिला. तुमच्या सहीसाठी कुणी अडून बसलं नाही. सगळं मिटलंय. तुम्ही आता उगाच उकरू नका. तुमची बागही वाचली, मुलगाही वाचला."

"यादीत त्याचं नाव परत लागंन का?"

"हा कागद घेतला तरी नाही लागणार. गावाला तो नको होता, नाना. रिबीन नसती तर दुसरं काही निघालं असतं."

बाहेर येऊन शालिग्रामांनी पॅकहाऊसच्या सावलीत उभं राहून रुबाबला फोन लावला. बऱ्याच वेळानं त्यानं उचलला. मागे माणसांचा गलका ऐकू येत होता, घड कापला जात असताना होतो तसा.

"रुबाब, मी खरं काय ते लिहेल आहे. शेठ घेत नही. मी जळगावला नोंदणीच्या हापिसात जाऊन देतो."

"आता राहू द्या नाना," रुबाब म्हणाला. "पोरांचं शाळेचं पाहू राह्यलो इथं. गुजरातीत आहे सगळं, पण शिकतीन." आणि मग, कुणालातरी ओरडून काही सूचना देऊन, तो पुन्हा फोनवर आला. "तब्येत सांभाळा. उन्हात फिरू नका जास्त." फोन बंद झाला.

शालिग्राम घरी गेले नाहीत. रावेरच्या स्टँडवरून त्यांनी जळगावची बस धरली. भुसावळपर्यंत उभं राहावं लागलं, मग जागा मिळाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बागा होत्या, त्यांत घडांना लावलेल्या पिशव्या, मध्येच कापूस उपटून मोकळी केलेली काळी रानं. ते काहीही ठरवत नव्हते. ठरलेलं होतं. फक्त उन्हात डोकं दुखत होतं.

निर्यातीच्या बागांची नोंदणी ज्या कार्यालयात होते, तिथल्या आवक खिडकीवर तिशीतली एक बाई बसली होती. तिनं दोन्ही कागद घेतले आणि वरचा रकाना भरायला पेन उचललं.

"तक्रार कोणाविरुद्ध आहे?"

"माझ्याच."

तिनं वर पाहिलं. मग कागद वाचला, पहिल्यांदा भरभर आणि मग पुन्हा नीट. "काका, याच्यावर तुमचा नोंदणी क्रमांक रद्द होऊ शकतो. दोन हंगाम परत मिळणार नाही. घरी विचारलंय ना?"

"सातबारा माझ्या नावावर आहे."

"ते नाही विचारलं मी." तिनं कागदावर बोट ठेवलं. "आणि यात ज्यांचं नाव आहे, हे रुबाब तडवी, त्यांनी मागितलंय का हे?"

"नही. तो म्हणाला राहू द्या."

तिनं पेन खाली ठेवलं. शाईच्या गादीवर शिक्का दाबला, दोन्ही कागदांवर मारला, तारीख घातली आणि नक्कल खिडकीतून बाहेर सरकवली. शालिग्रामांनी तारीख वाचून पाहिली, शाई वाळेपर्यंत कागद हातात उघडा धरला, आणि रावेरची बस किती वाजता आहे ते विचारून जिना उतरले.